होयाचं कटिंग दरवेळी का जातं? कुजणं, सुरकुतणं आणि नुसतंच बसून राहणं

दादरला मावशीच्या गॅलरीत होयाची जुनी वेल आहे. गजांना विळखे घालत ती वरच्या सज्जाला टेकली आहे. फुलांचे झुबके उमलले की दिवेलागणीनंतर सगळ्या गॅलरीत गोड वास भरून राहतो. त्या वेलीची कटिंगं, म्हणजे लावायला कापलेले फांदीचे तुकडे, मी दोन वर्षांत सात वेळा ठाण्याला आणली आणि सातही गेली. तीन पाण्यात कुजली, दोन मातीत कुजली. एकाला पाण्यात छान मुळं फुटली, पण कुंडीत लावल्यावर पंधरा दिवसांत त्याने मान टाकली. सातवं पाच महिने जसंच्या तसं उभं राहिलं आणि मग एके दिवशी पिवळं पडलं.

दरवेळी मला वाटायचं, पाणी कमी पडलं. म्हणून पुढच्याला जास्त घालायचे. मावशी एकदा म्हणाली, "अगं, झाडावर वाढणारी वेल ती. तिला चिखलात कशाला उभी करतेस?" ते मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. आठव्या वेळी घेतलं आणि ते कटिंग जगलं. आता घरात होयाच्या नऊ जाती आहेत आणि वर्षाकाठी पंधरा-वीस कटिंगं मी लावते. एखादं जातं, पण का गेलं ते कळतं. होयाचं कटिंग तहानेने फार क्वचित मरतं, बहुतेक वेळा ते गुदमरून मरतं. खाली जी दुखणी लिहिली आहेत, त्यातली बरीचशी इथेच येऊन थांबतात.

झाडावर म्हणजे नेमकं कुठे

होयाच्या बहुतेक जाती दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या जंगलांत मोठ्या झाडांच्या आधाराने वाढतात. आपल्या सह्याद्रीतही होया वायटीआय ही जात ओल्या रानात झाडांवर आणि कातळांवर सापडते. ही बांडगुळं नव्हेत, झाडाचा रस ती पीत नाहीत. सालीच्या खाचेत, शेवाळात, कुजलेल्या पालापाचोळ्याच्या चिमूटभर थरात त्यांची मुळं पसरतात. पाऊस आला की ती चिंब होतात आणि वारा सुटला की तासा-दोन तासांत अंगावरचं पाणी उडून जातं. म्हणजे ओल आणि हवा दोन्ही त्यांना एकाच वेळी मिळतात. पाणी साठवायची सोय पानांत असते, म्हणून पानं जाड.

आता हेच झाड रोपवाटिकेतल्या लाल मातीत आणि शेणखतात लावून पाहा. पाणी घातलं की मातीतल्या सगळ्या फटी भरतात आणि हवा बाहेर जाते. कटिंगला तर अजून मुळंही नसतात, असते ती नुसती ताजी जखम. हवा नाही, ओल कायम आणि खायला शेणखत, अशा ठिकाणी बुरशी त्या जखमेतून आत शिरते. पाण्याच्या ग्लासातही तीच गत. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशाला तो साडेसातच्या आसपास येतो. थंड देशातल्या बाईने व्हिडिओत दाखवलेला ग्लास आणि आपल्या ओट्यावरचा मे महिन्यातला ग्लास यांत हा फरक आहे. तिचं कटिंग महिनाभर त्याच पाण्यात राहतं, आपलं आठवड्यात बुळबुळीत होतं.

खालून काळं पडतंय, मऊ होतंय

सगळ्यात जास्त भेटणारं दुखणं हेच. माझ्या तिसऱ्या कटिंगचं मला अजून आठवतं. वरची दोन पानं तुकतुकीत, रंग हिरवागार. ग्लास उचलून पाहिला तर पाण्याच्या रेषेखाली देठ चहासारखा तपकिरी झाला होता. चिमटीत धरून हलकेच ओढला, तर साल मोज्यासारखी निघून बोटांत आली आणि मागे दोऱ्याएवढी पांढरी शीर उरली. पाण्याला फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा वास. वरची पानं आपल्याच साठ्यावर जगत असतात, त्यामुळे खाली सगळं संपलं तरी ती दोन-तीन आठवडे काहीच सांगत नाहीत. म्हणून पानांवर विश्वास ठेवू नका, दर चार दिवसांनी देठ पाहा.

असं झालं तर कटिंग टाकून देऊ नका. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने तपकिरी भागाच्या बरंच वर कापा आणि कापाचं तोंड निरखून पाहा. कडेने हिरवं आणि मध्ये स्वच्छ पांढरट दिसलं तर ठीक. तपकिरी कडी किंवा ठिपका दिसला तर अजून एक पेर वर जा. निरोगी देठातून पांढरं दूध येतं. बरेच दिवस पाण्यात राहिलेल्या देठातून ते कमी येईल, तेव्हा दुधापेक्षा रंगावर भर द्या.

या दुधाबद्दल इथेच सांगते. होया रुईच्या घराण्यातली. रुई, कण्हेर, सदाफुली, देवचाफा हे सगळे तिचे भाऊबंद, म्हणून कापलं की दूध गळतं. काहींच्या कातडीला ते खाजतं, डोळ्याला तर अजिबात लागू देऊ नका. मी कापल्या कापल्या देठ वाहत्या नळाखाली मिनिटभर धरते. दूध थांबलं की जुन्या वर्तमानपत्रावर सावलीत आडवा ठेवते. पातळ देठाला तासभर पुरतो, होया केरीसारख्या जाड देठाला अर्धा दिवस देते. तोंड कोरडं झाल्यावरच तो ओलीत जातो. पहिल्या सात वेळा मी घाईघाईने गळत्या दुधासकट देठ थेट पाण्यात बुडवला नाहीतर मातीत खुपसला होता. दूध पाण्यात मिसळलं की पाणी गढूळ होतं आणि लवकर नासतं.

कुठे कापायचं हेही इथेच. देठावर जिथे पानांची जोडी फुटते ते पेर. मुळं बहुधा पेरातून आणि त्याच्या आसपास फुटतात. पेराच्या साधारण एक सेंटीमीटर खाली काप घ्या. दोन किंवा तीन पेरांचा तुकडा पुरे. सगळ्यात खालच्या पेरावरची पानं काढा आणि तेवढंच पेर ओलीत जाऊ द्या. मी पूर्वी हातभर लांब फांद्या आणायचे, जास्त मोठं तितकं जोमदार असं समजून. लांब फांदीला पानं जास्त, पानं जास्त म्हणजे पाण्याचा खर्च जास्त आणि आत घेणारं मूळ एकही नाही. फांदी कोणती निवडायची? टोकाची लुसलुशीत कोवळी नको, ती लगेच लोळते. तपकिरी, लाकडी झालेलीही नको, ती फार वेळ घेते. मधली, हिरवी पण वाकवल्यावर ताठपणा जाणवणारी घ्या. देठावर आधीच बारीक केसांसारखी हवेतली मुळं असतील तर अर्धं काम झालेलंच असतं.

मग लावायचं कशात? मी स्फॅग्नम मॉसवर, म्हणजे एका वाळवलेल्या शेवाळावर, स्थिरावले आहे. कोरडं मॉस अर्धा तास पाण्यात भिजवायचं आणि मुठीत घट्ट पिळायचं. इतकं की पुन्हा दाबल्यावर एकही थेंब पडू नये. मग ते बोटांनी पिंजून सैल करायचं, कापूस पिंजतात तसं. शेवटच्या या पायरीला फार महत्त्व आहे. गच्च दाबलेलं मॉस आणि चिखल यांत कटिंगच्या दृष्टीने फरक नाही. मॉस महाग पडतं हे खरं. ते नको असेल तर धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) आणि नारळाच्या सोडणांचे बारीक तुकडे समान भागात मिसळा. कोकोपीट दोन-तीन पाण्यांनी धुवाच, त्यात बरेचदा क्षार राहिलेले असतात. परलाइट नसेल तर लोणारी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे किंवा विटांचे खडे चालतात, त्यातली भुकटी मात्र चाळून टाका, ती फटी बुजवते.

भांडं लहान घ्या. श्रीखंडाचा पाव किलोचा डबाही मला एका कटिंगला मोठा वाटतो. मी पारदर्शक प्लास्टिकचे आइस्क्रीमचे कप वापरते, तापवलेल्या सुईने तळाला सात-आठ आणि कडेला चार भोकं पाडून. कडेची भोकं हवेसाठी. आतलं सगळं बाहेरून दिसतं, त्यामुळे मुळं आली का हे पाहायला कटिंग उपटावं लागत नाही. उपटून पाहायची सवय असेल तर ती आजच सोडा. मूळ फुटायच्या आधी पेराच्या बाजूला राजगिऱ्याएवढे पांढरे उंचवटे येतात. एकदा उपटलं की ते तुटतात आणि झाड पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं.

पाण्यात मुळं येतात, कुंडीत गेलं की मरतं

याने माझं मन सर्वांत जास्त मोडलं होतं, कारण ग्लासात बोटभर लांब पांढरीशुभ्र मुळं होती. पाण्यात वाढलेलं मूळ पाण्यासाठीच घडलेलं असतं. ते ठिसूळ असतं आणि मातीच्या कणांना बिलगणारे बारीक केस त्याला फारसे नसतात. ते एकदम कुंडीत गेलं की दोनपैकी एक होतं. माती भरताना ते मोडतं आणि मोडल्या जागी कुजतं, किंवा आपण "होयाला पाणी कमी लागतं" हे ऐकून पाणी तोडतो आणि ते दोन दिवसांत वाळून जातं.

पाण्यातच मुळं काढायची असतील तर हरकत नाही. बाटली गडद रंगाची किंवा कागदात गुंडाळलेली घ्या म्हणजे शेवाळ धरत नाही. पाणी उन्हाळ्यात एक दिवसाआड आणि एरवी तीन-चार दिवसांनी बदला आणि फक्त एक पेर बुडवा. मुळं दोन-तीन सेंटीमीटर झाली की लगेच हलवा. लांब होईपर्यंत थांबण्यात काहीच फायदा नाही. हलवताना आधी कपात थोडं मॉस किंवा मिश्रण, मग कटिंग, मग बाजूने बाकीचं हळूच सोडायचं. अंगठ्याने दाबायचं नाही, कप टेबलावर दोनदा हलकेच आपटला की पुरतं. पहिले दहा दिवस ते जरा जास्तच ओलसर ठेवा, पुढच्या दोन आठवड्यांत दोन पाण्यांमधलं अंतर वाढवत न्या. तेवढ्यात नव्या जागेला शोभणारी नवी मुळं फुटतात, जुनी काही गळून गेली तरी चालतं.

आणखी सोपा मार्ग: ग्लासात मुळं दिसू लागली की त्याच पाण्यात दर दोन दिवसांनी चमचाभर परलाइट टाकत जायचं आणि पाणी कमी करत आणायचं. ठाण्यात पावसाळ्यात मला हा फार उपयोगी पडला.

पानं सुरकुतली

मुळं नसलेल्या कटिंगची पानं पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत थोडी मऊ पडतात, कडा आत वळतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हात शिवशिवतो तो पाणी घालायला, आणि तिथेच घात होतो. पाणी आत ओढायला मूळच नाही, तेव्हा खाली कितीही ओतलं तरी ते पानापर्यंत पोचत नाही. गरज असते ती भोवतालची हवा दमट ठेवायची, म्हणजे पानांतलं आहे ते पाणी उडून जाणार नाही.

यात गावागावाचा फरक मोठा आहे. माझी पुण्याची वहिनी आणि मी एकदा एकाच वेलीची कटिंगं एकाच दिवशी, एकाच पद्धतीने लावली. एप्रिल होता. माझी ओट्यावर उघडी ठेवलेली जगली, तिची आठ दिवसांत खारकेसारखी झाली. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते, आमच्याकडे खाडीची हवा असते. मग तिने केकचा मोठा पारदर्शक डबा घेतला, त्यात कप ठेवून झाकण लावलं आणि रोज सकाळी दहा मिनिटं झाकण उघडून हवा बदलली. पुढची सगळी लागली. नाशिक, नगर, संभाजीनगर, नागपूर इकडे उन्हाळ्यात डबा लागणारच. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर डबा बिलकूल नको, तेव्हा हवा आधीच भिजलेली असते. तेव्हा उलट पंखा किंवा वारं लागतं.

डब्यात किती ओल बरी? झाकणाच्या आतून धुक्यासारखा पातळ पापुद्रा दिसावा. थेंब ओघळत असतील तर जास्त झालं, झाकण तिरकं करा. आणि डबा उन्हात ठेवू नका. बंद डब्यावर अर्धा तास ऊन आलं तरी आतली पानं शिजतात. हे मी एकदा पाहिलं आहे, पानं उकडलेल्या पालकाच्या रंगाची झाली होती.

मुळं असलेल्या जुन्या कुंडीतल्या होयाची पानं सुरकुतली तर मात्र दोन अर्थ निघतात. कुंडी उचलून पाहा. पिसासारखी हलकी असेल तर तहान आहे, टबात अर्धा तास बुडवून ठेवा, दोन दिवसांत पानं फुगतील. कुंडी जड असूनही पानं मऊ असतील तर खाली मुळं कुजली आहेत. मग वेळ न घालवता वरच्या निरोगी फांद्यांची कटिंगं करा, वेल वाचवायचा तोच मार्ग उरतो.

जिवंत आहे, पण महिनोन्‌महिने तसंच आहे

फेब्रुवारीत फुलवाल्यांकडे छोट्या कुंडीत उभं केलेलं एकच हृदयाच्या आकाराचं जाड पान मिळतं. ते होया केरी, थायलंड आणि आसपासच्या देशांतलं. मी एका रस्त्यावरच्या स्टॉलवरून असं पान घेतलं, "वर्षभरात वेल होईल" या आश्वासनावर. पान आजही तसंच आहे, हिरवं आणि निरोगी. त्याला मुळंही आहेत. पण वेल होण्यासाठी डोळा, म्हणजे नवी फांदी जिथून फुटते तो कोंब, लागतो आणि डोळा पेरावर असतो, पानात नसतो. नुसतं पान देठापासून खुडून लावलं तर ते मुळं धरतं, वर्षानुवर्षं जगतं, पण त्याला फांदी फुटत नाही. पानाबरोबर देठाची इवलीशी खपली आली असेल आणि त्यात डोळा असेल तरच आशा धरायची. भेट म्हणून ते पान सुंदरच आहे, पण वेल हवी असेल तर विकत घेताना माती थोडी बाजूला करून देठाचा तुकडा दिसतो का ते बघा.

दुसरा घोटाळा फुलांच्या देठाचा. होयाचे झुबके एका आखूड, गाठाळ देठावर येतात आणि पुढच्या हंगामात त्याच देठावर पुन्हा येतात. तो देठ म्हणजे फांदी नव्हे, तो लावून झाड होत नाही. फुलं गळली की पुष्कळजण तो साफसफाई म्हणून छाटतात आणि मग पुढे फुलंच नाहीत अशी तक्रार करतात. कटिंग घेताना ज्या भागावर असे देठ आहेत तो भाग मूळ वेलीवरच राहू द्या.

पेर आहे, मुळं आहेत आणि तरीही वाढ नाही, असं असेल तर बहुतेक वेळा उजेड कमी पडतो किंवा थंडी असते. होयाला अंधाऱ्या कोपऱ्यात मरण येत नाही, पण वाढही येत नाही. पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं दोन तासांचं कोवळं ऊन तिला मानवतं. मार्चनंतर दुपारचं ऊन टाळा. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात रात्री दहा-बारा अंशांवर उतरल्या की कटिंग जिथल्या तिथे थांबतं, तेव्हा पाणी अगदी बेताचं ठेवून फेब्रुवारीची वाट पाहायची. माझं सातवं कटिंग असंच थांबलं होतं. पाच महिने ते काही करत नव्हतं म्हणून मी दर आठवड्याला त्याला गांडूळखताचं पाणी पाजलं. वाढ थांबलेल्या कटिंगला खत म्हणजे बुरशीला आणि चिलटांना जेवण. नवीन पान उघडेपर्यंत काहीही घालू नका, त्यानंतरही पाकिटावर लिहिलंय त्याचा चौथा हिस्सा पुरे.

पांढऱ्या-हिरव्या पानांच्या जाती लावताना पूर्ण पांढऱ्या पानांची फांदी टाळा. ती दिसते देखणी, पण हरितद्रव्य नसल्यामुळे स्वतःचं अन्न करू शकत नाही आणि मुळं धरण्याआधीच थकते.

इतकं करूनही जमत नसेल तर दाब कलम

हे मी आधी सांगायला हवं होतं, कारण ज्यांच्याकडे मूळ वेल घरातच आहे त्यांना याहून खात्रीची रीत नाही. जुन्या माळ्यांना मोगऱ्याचं दाब कलम माहीत असतं, तेच होयाला लागू पडतं. वेलीची लोंबती फांदी कापायचीच नाही. कुंडीशेजारी मॉस भरलेला एक कप ठेवायचा, फांदीचं एक पेर त्या मॉसवर टेकवायचं आणि केसांच्या यू आकाराच्या पिनेने हलकेच अडकवायचं. पिन लोखंडी असेल तर गंजते, प्लास्टिक चढवलेली तार घ्या. त्या पेरावरची पानं काढली नाहीत तरी चालतं, फक्त ती मॉसखाली दबू देऊ नका.

आता त्या फांदीला आईकडून, म्हणजे मूळ वेलीकडून, पाणी येतच राहतं. पानं सुरकुतत नाहीत, उघडी जखम नसल्यामुळे कुजायचं कारण उरत नाही आणि आपली घाईही आपोआप कमी होते. मॉस ओलसर ठेवणं एवढंच काम. माझ्याकडे मार्चमध्ये चार आठवड्यांत कपाच्या कडेला मुळं दिसली, नोव्हेंबरात लावलेल्याला अडीच महिने लागले. मुळांनी कपात एक फेरी घातली की पेराच्या आईकडच्या बाजूला काप द्यायचा. मी कापण्याआधी दोन आठवडे फांदीला त्या जागी अर्धी चीर देते, म्हणजे नव्या रोपाला एकदम तुटल्याचा धक्का बसत नाही. आठवं कटिंग, जे जगलं, ते खरं तर असं दाब कलमच होतं. मावशीच्या गॅलरीत दोन महिने ठेवून, मग कापून, लोकलने मांडीवर घेऊन मी ते घरी आणलं.

टपालाने मागवलेल्या कटिंगांना हा मार्ग नाही. ती चार-पाच दिवस अंधारात, गुंडाळलेली येतात. आल्या आल्या लावू नका. खोलीच्या हवेत अर्धा तास मोकळी ठेवा, खालून एक ताजा काप घ्या, मग साध्या पाण्यात दोन-तीन तास ठेवून पानांना जरा फुगू द्या आणि तोंड कोरडं करून मॉसमध्ये लावा. आणि पानांच्या बगलेत कापसासारखा पांढरा पुंजका दिसतो का ते भिंगाने पाहा. तो पिठ्या ढेकूण. कानाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपा आणि नवं रोप महिनाभर बाकीच्यांपासून दूर ठेवा. पिवळाधमक, काळ्या पायांचा मावा दिसला तर तो रुई-कण्हेरीवर येतो तोच. खाली कुठे रुईचं झुडूप असेल तर तो तिथून चढतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढा. बंद डब्यातल्या कटिंगवर कडुनिंबाचं तेल मारू नका, पानांवर तेलाचा थर राहतो आणि डाग पडतात.

जातीप्रमाणे थोडं बदलतं. होया कार्नोसा आणि होया पब्लिकॅलिक्स नावाने मिळणारी होया प्युबिकॅलिक्स या दोघी नवशिक्याला सांभाळून घेतात, त्यांच्यापासून सुरुवात करा. दोरीसारख्या पिळदार पानांच्या कॉम्पॅक्टाला दुप्पट वेळ द्या, तिच्या वळ्यांत पाणी साचू देऊ नका. हिमालयातली लांब मऊ सुयांसारख्या पानांची होया लिनिअॅरिस मुंबईच्या उन्हाळ्यात लावायला घेऊच नका. तिला गारवा लागतो, डिसेंबर-जानेवारीत लावा आणि एप्रिल-मेमध्ये घरातल्या सर्वांत थंड खिडकीत ठेवा. बाकी सगळ्यांसाठी आमच्याकडे फेब्रुवारी ते मार्चअखेर आणि मग पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस चांगले. भर पावसात मी आता कटिंग घेत नाही. कुणी दिलंच तर मॉसचा कप उघडा, पंख्याच्या वाऱ्यात ठेवते आणि पाणी बोटाने चाचपूनच घालते.

आणि शेवटी, कटिंग लागल्यावर जी पहिली वाढ दिसते तिच्याबद्दल. ती बरेचदा पानांची नसतेच. एक बिनपानाची, लालसर, लांबलचक काडी झपाट्याने बाहेर येते आणि हवेत काहीतरी शोधत फिरते. वाळकी समजून ती कापणारे मला दर महिन्याला भेटतात. तिच्या पेरांवर पानं मागाहून येतात, कधी महिन्याने, कधी तीन महिन्यांनी. तिला एखादी दोरी किंवा तार द्या आणि तिची तिला गुंडाळू द्या. माझ्या आठव्याची काडी खिडकीच्या गजापर्यंत जायला सहा आठवडे लागले, आणि पानांची पहिली जोडी तिथे, गजाला वेढा घातल्यानंतर उघडली.